धर्माची टिंगल (औद्योगिक)

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात ख्रिस्ती कामगाराच्या धर्माची टिंगल साधारणपणे टी-ब्रेकमध्ये होते. ब्रेक दहा मिनिटांचा असल्यामुळे मजकूर ठरलेला असतो. पहिला प्रश्न : ‘ख्रिश्चन? पण आडनाव तर साळवे!’ दुसरा : ‘घेतले किती?’ तिसरा प्रश्न नसून दोन्ही हात वर करून काढलेला ‘हालेलुया’ असा आवाज असतो. त्यावर टेबल हसते. आजोबा नगरहून कामासाठी आले, नातू आज लाइनवर उभा आहे, आणि ते पैसे काही अजून घरी पोचलेले नाहीत. फ्लॅटचा हप्ता मात्र न चुकता कापला जातो. विचारणाऱ्याला हे ठाऊक असते, कारण दोघांची बँक एकच.

हे विचारताना समोर मिसळपाव असते. पाव पोर्तुगीजांबरोबर आला, आणि विहिरीत पाव टाकला की गाव बाटते, ही वसईकडची जुनी कथा. आता तो विहिरीऐवजी रश्श्यात टाकतात. बाटल्याची तक्रार नाही.

टिंगल हुद्दा पाहून करतात. कारखान्याच्या पाहणीला परदेशातून साहेब आला आणि डिसेंबर असला, तर तेच तोंड ‘मेरी ख्रिसमस, सर’ म्हणते. त्याला ‘घेतले किती?’ कोणी विचारत नाही. ऑर्डर तोच देणार असतो.

पुण्याला हा विषय नवा नाही. १८९० साली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या पंचहौद मिशनमध्ये प्रतिष्ठितांना चहा-बिस्किटे मिळाली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची यादी ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आणली, आणि लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांचे प्रकरण प्रायश्चित्तावर गेले. आता चहा कोणाकडचाही चालतो. हरकत असलीच तर पाजणाऱ्याला.

उत्तरे देण्याच्या रीती बऱ्याच आहेत. सर्वाधिक वापरली जाते ती मंद हसण्याची. ती आठ तासांची शिफ्ट टिकते. वाद घालणाऱ्याचा चहा गार होतो आणि समोरच्याचा संपतो, एवढाच वादाचा निकाल. भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ आहे, पण त्याला हेतुपुरस्सर द्वेष लागतो आणि टेबलावरचा प्रत्येक हेतू ‘गंमत’ या सदरात जमा असतो. एचआरकडे गेलेल्याला ‘जरा अॅडजस्ट करा’ हे वाक्य मिळते. ते सर्व धर्मांसाठी समान आहे. पेत्राचे पहिले पत्र सांगते की आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यपणे उत्तर द्यावे. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असेल तर काय, याचा खुलासा पेत्राने केलेला नाही. त्याच्या वेळी टी-ब्रेक नव्हते.

सर्वांत टिकाऊ उत्तर ना. वा. टिळकांचे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर घरचे-दारचे तुटले, पुढे ते अभंग लिहू लागले, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत राहिले. पत्नी लक्ष्मीबाई आधी रडल्या, १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या, आणि पुढे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी सगळ्या संसारालाच, स्वतःसकट, असे हसून घेतले की दुसऱ्याला हसायला फारसे उरले नाही. टिंगल करणाऱ्यांपैकी कित्येकांनी शाळेत टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ पाठ केलेली असते. कवी कोण, हे परीक्षेनंतर विसरले जाते.

तो पूल तसा जवळच आहे. देहू तळवड्याच्या पलीकडे, आळंदी चाकणच्या वाटेवर. देहूत ज्याचे अभंग इंद्रायणीत बुडवायला लावले आणि आळंदीत ज्यांना ‘संन्याशाची पोरे’ म्हणून हिणवले, त्यांच्या पालख्या निघाल्या की आता शिफ्टच्या बसगाड्या मार्ग बदलतात. बसमधली ‘हालेलुया’वाली मंडळी खिडकीतून हात जोडतात.

२५ डिसेंबरनंतरच्या पहिल्या शिफ्टला साळवे स्टीलचा डबा आणतात. वर केकचे तुकडे, खाली करंज्या. करंजी उचलणारा म्हणतो, ‘अरे, ही तर आमचीच.’ साळवे मान डोलावतात. डबा टेबलभर फिरून परत येतो तो हलका, तळाशी पिठीसाखर. वर्षभराचा प्रश्न त्या दिवशी साळवे विचारतात :

‘घेतल्या किती?’

‘चार,’ तो तोंड पुसत सांगतो.