दुर्बिणीनंतरचे पोट

जठराची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, आणि त्याच वेळी केलेली बायॉप्सी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी अस्तराचा काढलेला कण, हे सोपस्कार आटोपून रुग्ण घरी पोहोचतो, तोवर ‘पोटाचा तुकडा काढला’ ही वार्ता जिना चढून गेलेली असते आणि तिसऱ्या मजल्यावर तिच्यात निम्मे जठर खर्ची पडलेले असते. वस्तुतः तो कण जेमतेम दोन-तीन मिलिमीटरांचा असतो, आणि जठराच्या अस्तराला चिमटा घेतलेला सहसा कळत नाही. ताणलेले मात्र चांगलेच कळते.

अस्तराच्या घड्या उलगडून दिसाव्यात म्हणून तपासणीत हवा किंवा कार्बन डायऑक्साइड आत भरतात, त्यामुळे नंतरचा फुगारा, गुडगुड आणि कळ यांचे श्रेय बहुधा तुकड्याकडे नव्हे, तर वायूकडे जाते. या वायूला निसर्गाने दोन वाटा ठेवल्या आहेत आणि शिष्टाचाराने दोन्ही बंद केल्या आहेत. समाचाराला आलेल्यांसमोर रुग्ण ढेकर गिळतो, कळ चेहऱ्यावर उमटते आणि मंडळी माना हलवून ‘तुकडा दुखतोय’ असे निदान करतात. पाहुण्यांना बाहेरच्या खोलीत चहा द्यावा आणि रुग्णाने आतल्या खोलीत शतपावली घालावी, हा त्यावरचा सर्वांत निर्धोक उपाय होय.

घसा बधिर करणाऱ्या फवाऱ्याचा अंमल उतरेपर्यंत पाणीही वर्ज्य, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. पुढे घोट-घोट पाणी, मग मऊ भात किंवा मुगाची खिचडी, आणि तीही लसणाच्या झणझणीत फोडणीविना, हे पथ्य आजेसासूबाईंना पटवणे तपासणीहून अवघड जाते. घरच्यांना पटवण्याची ही कटकट ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी मुळातच टाळली. त्यांनी 1984 मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूंचे मिश्रण पत्नीला न सांगताच प्यायले आणि मग स्वतःची बायॉप्सी करवून त्यांच्यामुळे जठरदाह होतो हे सिद्ध केले. 2005 मध्ये त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळाले. घरच्यांचा सल्ला टाळण्याचा इतका यशस्वी प्रयोग वैद्यकात विरळाच.

फुगारा बहुधा दिवसभरात ओसरतो. तथापि वाढत जाणारी पोटदुखी, रक्ताची उलटी, काळी चिकट शौच, ताप किंवा धाप यांपैकी काहीही दिसल्यास ओवा-हिंगाची वाट न पाहता आणि वेदनाशामक गोळी परस्पर न घेता रुग्णालय गाठावे, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.