साकल्याने विचार

(रंगमंचावर एक मेज, त्यावर लॅपटॉप. कानटोपी घातलेले आजोबा प्रवेश करतात, लॅपटॉपकडे संशयाने पाहतात आणि प्रेक्षकांकडे वळतात.)

जिल्हा कचेरीत शिरस्तेदार म्हणून ज्याने उभी हयात परक्यांच्या अर्जांवर शेरे मारण्यात घालविली, त्या गृहस्थाला मुलाने हवापालटासाठी कौतुकाने शिकागोनजीक नेपरव्हिलला आणावे, आणि तेथे सख्ख्या नातवाच्या अर्जाचे पुढे काय होणार, याचा मात्र त्याला अदमासही लागू नये, हा दैवदुर्विलास नव्हे तर काय?

चिरंजीव बारावीत आहेत. गुण विचारले तर म्हणतात, "चारपैकी चार पूर्णांक चार." मी म्हटले, "बाळ, मागणीपेक्षा वसुली अधिक दिसली, की आमच्याकडे तलाठ्याची चौकशी लागत असे!" मग कळले, की कठीण विषय घेणाऱ्याला येथे वर इनाम मिळते.

"म्हणजे राज्याच्या विद्यापीठात, अर्बाना-शँपेनला, इंजिनिअरिंग पक्के?"

सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तसं सांगता येत नाही. ते साकल्यानं विचार करतात."

साकल्याने! (थांबून) म्हणजे गुणवत्ता यादी भिंतीवर लागणार नाही, किती गुणांवर गाडी अडली ते कोणी सांगणार नाही. समिती सर्व वाचील आणि ठरवील. याला आमच्या दप्तरी मर्जी म्हणत असत, आणि मर्जीवर अपील चालत नसे. त्यातही संगणकशास्त्र मागितले तर दार आणखी अरुंद! सरहद्द ओलांडून इंडियानात पर्ड्यू विद्यापीठात जावे, तर हाच मुलगा तेथे परप्रांतीय ठरून फी दुपटीहून अधिक.

मग मी या सरकारी विद्यापीठांची मूळ सनद शोधली. 1862 साली लिंकनसाहेबांनी कायद्यावर सही केली, राज्यांना सरकारी जमिनी मिळाल्या, आणि त्या विकून आलेल्या पैशांतून शेतकी व यंत्रकला शिकविणारी विद्यालये उभी राहिली. अर्बानाचे विद्यापीठ त्यांतलेच, 1867 चे. तेथे 1876 पासून प्रयोगासाठी राखलेले मक्याचे शेत अद्याप आहे, आणि त्यावर सावली पडू नये म्हणून शेजारचे ग्रंथालय जमिनीखाली बांधले, असे सांगतात. मक्यासाठी ज्यांनी विद्या भुयारात नेली, त्यांच्याविषयी महसूल खात्यातल्या माणसाला आदर न वाटला तरच नवल! मी तत्काळ म्हटले, "सातबारा जोड! कोरेगावच्या साडेतीन एकरांत तुझ्या बापाचा हिस्सा आहे. शेतकी इंजिनिअरिंग माग, वर शेतकऱ्याचा नातू म्हणून लिही."

"आजोबा, त्यात सातबाऱ्याचा रकानाच नाही."

रकाने दहा आहेत, ते उद्योगांचे. प्रत्येकात दीडशे अक्षरे. शिवाय साडेसहाशे शब्दांचा निबंध. दिलेल्या विषयांतून निवडला कोणता, तर आयुष्यात आलेले संकट आणि त्यातून घेतलेला धडा. आता आली का पंचाईत? या मुलाला संकटच नाही! त्याच्या वाटेत एकही धोंडा राहू नये, म्हणून ज्या मातापित्यांनी सतरा वर्षे खस्ता खाल्ल्या, तेच आता रात्री जेवणानंतर बैठक भरवून, "निदान पाचवीत तरी तुला कोणी छळलं होतं का रे?" असे आशेने विचारू लागले. मुलगा ओशाळून म्हणाला, "नाही हो. सगळे चांगलेच वागले." सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले.

मला ते पाहवेना. म्हटले, "माझे घे! साताऱ्यात वार लावून जेवलो, त्यात गुरुवारचे घर हमखास विसरत असे. रस्त्यावरच्या दिव्याखाली मॅट्रिकचा अभ्यास केला."

"पण आजोबा, ते तुमचं संकट झालं."

"अरे, इनाम वारसाने येते, कर्ज वारसाने येते, मधुमेह तर न मागता येतो; मग दारिद्र्याचीच वारसनोंद का होऊ नये?"

तो काही बोलला नाही. पण त्या रात्री पहाटेपर्यंत टकटक ऐकू येत होती, आणि 1 नोव्हेंबरच्या मुदतीच्या आत अर्ज रवाना झाला. काल निबंधाची प्रत हाती आली. (लॅपटॉप उघडून, चष्मा लावून) शीर्षक आहे: 'माझ्या खोलीत आजोबा'.

(वाचतात. चेहरा हळूहळू पडतो.)

भाषा छान आहे. सोसलेले आहे, ते दिसते! पहाटे पाचची स्तोत्रे आहेत, तुपाच्या वासाचा स्वेटर आहे, मित्रांसमोर मी विचारलेली गोत्रे आहेत... धडा सहनशीलतेचा. हा निबंध समिती वाचील, आणि मर्जी बसेल, अशी सूनबाईंची खात्री आहे. चिरंजीवांना हळहळ एवढीच, की शब्दमर्यादेपायी घोरण्याचा परिच्छेद गाळावा लागला.

(पडदा)