तीर्थस्वरूप बुटांस अनावृत पत्र

जुईनगर, नवी मुंबई
रविवार, पहाटे साडेचार

तीर्थस्वरूप बूटसाहेब यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

वयाने आपण मला लहान. पण ज्यांच्यासाठी पंधरा हजार रुपये मोजले त्यांना ‘चिरंजीव’ लिहायला हात धजावेना. आपले चरण म्हणजे माझेच चरण, त्यामुळे साष्टांग घालण्यात थोडी अडचण आहे. तूर्त मनोमन घातला असे समजावे.

पत्रास कारण, आपली घरातली बढती. पायातली वहाण पायातच बरी, असे आमच्यात म्हणतात. आपण मात्र हॉलमध्ये टीव्हीशेजारी विराजमान आहात. दाराबाहेरच्या स्टँडवर मुलांचे शाळेचे बूट, सौभाग्यवतींच्या कोल्हापुरी आणि माझे ऑफिसचे बूट गुण्यागोविंदाने नांदतात. आपण तिथे गेलात तर त्यांना संकोच वाटेल, असे घरात सर्वांचे मत पडले.

आपली गाठ पडली वाशीच्या एका मॉलमध्ये. तिथल्या मुलाने मला ट्रेडमिलवर दोन मिनिटे पळवले, टाचांचे चित्रण केले, ते मंद गतीने दाखवले आणि पत्रिकेत मंगळ निघाल्यासारखा चेहरा करून म्हणाला, “काका, ओव्हरप्रोनेशन आहे. पाय आत कोलमडतो.” या मंगळाची शांत म्हणजे आपण. आतल्या बाजूला टणक फोम, टाचेला कडक आधार, खोक्यावर ‘स्टॅबिलिटी’.

आता घरातले माणूस म्हणून सांगतो. पाऊल जमिनीवर टेकले की थोडे आत कलतेच. धक्का जिरवण्याची ती पावलाची उपजत सोय आहे. तिला खोट ठरवून बूट खपवण्याचा धंदा मात्र कैक वर्षे जोरात चालला. मग अमेरिकेच्या भूदलाने, हवाईदलाने आणि मरीन दलाने भरती झालेल्या नव्या जवानांवर पडताळा घेतला. काहींना तळव्याची ठेवण पाहून बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. 2009 आणि 2010 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि दुखापतींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. डेन्मार्कमध्ये नऊशेहून अधिक नवख्या धावकांना एकाच साध्या बुटात वर्षभर पळवले. 2014 साली छापून आलेल्या त्या अभ्यासातही आत कलणारे पाय जास्त दुखावल्याचे दिसले नाही. हे सगळे त्या मॉलपर्यंत अजून पोहोचायचे आहे. हार्बर लाइन कुठे तुंबली असेल, कोण जाणे.

शिवाय आपला संसार ट्रेडमिलवर नाही, रस्त्यावर आहे. स्टेशन ओलांडून पाम बीच रोड गाठेपर्यंत जो फुटपाथ लागतो, त्याचा एक पेव्हर ब्लॉक वर, एक खाली आणि एक बेपत्ता. ब्लॉक उचकटलेला असला की आपण आणि मी एकाच दिशेने कोलमडतो, तेव्हा तो टणक फोम काय करत असतो? फुटपाथ सोडून कडेने पळावे, तर पहाटेचा मोकळा रस्ता आपल्यासाठीच बांधला आहे अशा समजुतीने मोटारी येतात. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत तळ्याकाठी मोटारी नाहीत, पण चौघे चौघे शेजारी शेजारी चालत राजकारण सोडवतात. त्यांना ओलांडणे ही स्वतंत्र शर्यत आहे.

शर्यतींचे तर काय सांगू! कोणा भाऊंच्या वाढदिवसानिमित्तच्या पाच किलोमीटरच्या पळापळीलाही इकडे ‘भव्य मॅरेथॉन’ म्हणतात. खरी मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. मुंबईत ती 2004 पासून होते आणि परतीच्या वाटेवर, पाय संपावर गेलेले असताना, पेडर रोडचा चढ समोर उभा राहतो. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये अर्धी शर्यत यवतेश्वरचा घाट चढण्यात जाते, अर्धी उतरण्यात. उतरताना मांड्या जे बोलतात, ते आपल्या माहितीपत्रकात छापलेले नाही.

पण सुरुवातीच्या रेषेवर उभे राहिले की लोक हल्ली चेहऱ्याकडे न बघता आधी खाली बघतात. “प्लेटवाला आहे का?” म्हणजे तळात कार्बनची पट्टी असलेला जाड बूट आहे का. शर्यतीच्या बुटाचा तळ 40 मिलिमीटरहून जाड नको, असा नियम जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला 2020 साली करावा लागला. विक्रमवीरांसाठी केलेला हा नियम, किलोमीटरला आठ मिनिटे घेणारे आमचे मित्रही कसोशीने पाळतात.

पायात काहीच नसलेल्यांचीही एक गोष्ट आहे. 1919 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी पाहिल्या. धावणारे शेतकरी, पाय अनवाणी. त्यांचा दम पाहून भारताचा संघ ऑलिंपिकला धाडायचे टाटांनी मनावर घेतले. पुढच्याच वर्षी अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले आणि एकोणिसावे आले. त्या वर्षी अंतरही जास्त होते, 42.75 किलोमीटर. त्यांच्या टाचांचे निदान करायला सुदैवाने तेव्हा मॉल नव्हता.

घाबरू नका, आपल्याला निरोप देऊन अनवाणी पळण्याचा बेत नाही. अबेबे बिकिला 1960 साली रोमला ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकला, ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात. 1964 साली टोकियोत तोच गडी बूट घालून आणखी तीन मिनिटे लवकर पोहोचला, हे सांगायचे राहून जाते. या डांबरावर बूट हवाच. देव्हारा नको, एवढेच.

तेव्हा सेवेच्या अटी कळवतो. यापुढची भरती संध्याकाळी होईल, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगते. पळतानाचेच मोजे घालून, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा सोडून, दुकानात मी चार फेऱ्या पळेन. जो पायात आहे याचा विसर पडेल त्याची निवड होईल, खोक्यावर काहीही लिहिलेले असो. अंतर बेताबेताने वाढवणे आणि गुडघा कुरकुरला की थांबणे ही कामे माझी. त्यांचे श्रेय किंवा खापर आपल्याला मिळणार नाही. आपला कार्यकाळ पाचशे ते आठशे किलोमीटर. त्यानंतर तळाचा फोम बसला की आपली बदली भाजीबाजारात होईल. मुदतवाढीचे अर्ज घेतले जाणार नाहीत.

आपला,
हप्ते फेडणारा एक जुईनगरकर