सतरा लाखांची कन्या

पूर्वी बालकाच्या प्रकृतीचा सारा कारभार सहाणेवर चालत असे. वेखंड, हळकुंड, जायफळ आणि मुरडशेंग यांचे वेढे मोजून घेऊन आजी जी बाळगुटी उगाळी, तिच्यात कोणते द्रव्य किती मिलिग्रॅम आहे असा सवाल करण्याची बाळाला वाचा नसे आणि बाळाच्या बापाला हिंमत नसे. पुढे १९१२ साली कासिमिर फुंक नामक पोलिश रसायनशास्त्रज्ञाने अन्नातील काही अदृश्य द्रव्यांना ‘व्हिटॅमिन’ हे नाव बहाल केले. आणि नाव मिळाले की बाटली होणार, बाटली झाली की किंमत येणार व ती किंमत अखेर बापाच्या नावे खर्ची पडणार, हे विधिलिखित त्याच दिवशी कायम झाले.

भिवंडीतील आमच्या बिऱ्हाडात हे खाते फ्रिजच्या माथ्यावर आहे. ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब, जस्ताचे सरबत, कॅल्शियमचे गुलाबी औषध, भूक वाढविणारी एक तपकिरी बाटली आणि वाढलेली भूक अनावर झाल्यास पचनाचा बंदोबस्त करणारी तिची हिरवी जाऊ, अशा त्या दरबारात अग्रमान मात्र अगदी अलीकडे रुजू झालेल्या ‘गमी’च्या, म्हणजे जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्यांच्या, बरणीला आहे. ती ‘आयात केलेली’ असल्याने, यावयास झालेला विलंब सौभाग्यवतींनी मोठ्या उदार मनाने सागरप्रवासाच्या खाती जमा धरला होता. परंतु खोक्यावरील पत्ता मी चष्मा लावून वाचला, तेव्हा या परदेशस्थ पाहुणीचा अखेरचा मुक्काम आमच्याच तालुक्यात, मौजे राहनाळ येथील एका गोदामात पडला होता असे निष्पन्न झाले. देशोदेशींचा माल ज्या भिवंडीत येऊन विसावतो, तिथल्या रहिवाशाला याचे नवल वाटू नये हे खरे. “अहो, गोदाम इथलं असलं तरी गुण तिथलाच ना!” असा सौभाग्यवतींनी फैसला दिला आणि प्रकरण दप्तरदाखल झाले.

या गमीचा आकार अस्वलाचा आहे. अस्वलाचा आणि जीवनसत्त्वाचा जुना ऋणानुबंध उत्पादकाच्या कानी गेला असता, तर त्याने खचित ससा पसंत केला असता. १५९७ मध्ये बॅरेंट्स या डच दर्यावर्दीचे खलाशी नोवाया झेम्ल्याच्या बर्फात अडकून पडले असताना त्यांनी पांढऱ्या अस्वलाचे काळीज, म्हणजे यकृत, रांधून खाल्ले, आणि आजारी पडून त्यांच्या अंगाची कातडी सोलून निघाली. त्या काळजात ‘अ’ जीवनसत्त्व बेसुमार साठलेले असते, हा उलगडा विसाव्या शतकात झाला. ‘अ’ आणि ‘ड’ ही मंडळी चरबीत विरघळणारी असल्यामुळे शरीरात ठाण मांडून बसतात. उलट ‘क’ आणि ‘ब’ गटातील बहुतेक मंडळी गरजेपुरती चाकरी करून उरलेल्या संख्येने मोरीचा रस्ता धरतात. तात्पर्य, पहिल्यांचा अतिरेक झाला तर मूल बिघडते आणि दुसऱ्यांचा झाला तर घरचा जमाखर्च.

आमच्या थोरल्या चिरंजीवांनी, म्हणजे इयत्ता दुसरीतील गृहस्थांनी, या शास्त्राचा वेगळाच उपयोग काढला आहे. पानात मेथीची भाजी पडली की ते हात आवरून विचारतात, “आई, गमीत सगळ्या भाज्यांची ताकद असते असं तूच म्हणालीस ना? मग ही परत कशाला?” हा युक्तिवाद ऐकून मातोश्री निरुत्तर होतात आणि मेथी बिनविरोध माझ्या पानात दाखल होते. बरणीच्या पाठीवर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत जी यादी आहे, तिच्यात साखरेचा क्रमांक पहिला आहे आणि लोहाचा नामनिर्देश कोठेही नाही.

ते लोह चिरंजीवांना शाळेत मिळते. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला एक गुलाबी गोळी, तीत ४५ मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, अशी सरकारी तजवीज आहे. “शाळेतली फुकटची गोळी! कुठली असेल देव जाणे,” असे म्हणून आमच्या घरी नाक मुरडले जाते, आणि तेच चिरंजीव दुपारी भातामागून लगेच कपभर चहात खारी बुडवून, जेवणातील उरल्यासुरल्या लोहाचीही त्या चहाकडून अडवणूक करवितात.

धाकट्या कन्येची कथा याहून भारदस्त आहे. खालच्या गल्लीत लूमची खटखट अखंड चालू असल्यामुळे अंगणवाडीताईंना जिन्यातूनच आवाज चढवावा लागतो: “वहिनी, सहा महिने झाले! धाकटीचा ‘ए’चा डोस राहिलाय, उद्या घेऊन या!” त्यांच्या बाटलीतील ‘अ’ जीवनसत्त्वाचा पिवळसर, तेलकट द्रव बालकांचे अंधत्व टाळण्यासाठी १९७० पासून या देशात पाजला जात आहे. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीसोबत अर्धा चमचा, म्हणजे एक लाख युनिट. पुढे दीड वर्षापासून पाच वर्षे पुरी होईपर्यंत दर सहामाहीस पूर्ण चमचा, म्हणजे दोन लाख. असे एकूण नऊ डोस. बेरीज सतरा लाख होते. एवढी ठेव, तीही बेताबेताने, बिनजामीन व बिनअर्ज, कन्येच्या नावे जमा करणारे सरकार दारात उभे असता, आम्ही फ्रिजवरील अस्वलांची शिरगणती करीत असतो.

२०२२ च्या अखेरीस मुंबई आणि मालेगावबरोबर आमच्या भिवंडीतही गोवराची साथ पसरली, तेव्हा मात्र थट्टा थांबली. गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस जे पाजतात, ते हेच ‘अ’ जीवनसत्त्व. आणि त्या दिवसांत अंगणवाडीताईंना जिन्यातून दुसऱ्यांदा हाक द्यावी लागली नाही.

तेव्हा वाचकहो, बाटली विकत घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, आणि लोहाची तर मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, कारण तिचा अतिरेक लहान मुलाच्या जिवावर बेततो. अंगणवाडीचा चमचा आणि शाळेची गुलाबी गोळी फुकट आहेत म्हणून हलकी मानू नका. पैसे खर्चल्यावाचून चैनच पडत नसेल, तर मेथीची जुडी घ्या.