दुष्काळात तेरावा गुण

ज्याच्या घरी कटान हा बैठा खेळ आहे, त्याच्या घरी नुसतं कटान कधीच नसतं. मूळ खोक्यावर दुसरं खोकं असतं, दुसऱ्यावर तिसरं. आपण हा खेळ आजवर पाहिलेलाही नाही असं सांगितलं, की यजमानाचा चेहरा उजळतो. ‘अरे वा! मग आज सगळं लावूनच खेळू.’ नवखा माणूस दिसला की एक्स्पान्शन, म्हणजे मूळ खेळाला जोडायचं वाढीव खोकं, बाहेर काढावं, असं कुठल्याही नियमपुस्तिकेत छापलेलं नाही. पण कटानवाल्यांत इतक्या काटेकोरपणे पाळला जाणारा दुसरा नियम माझ्या पाहण्यात नाही.

खेळ मुळात सरळ आहे. एकोणीस षटकोनी तुकड्यांचं एक बेट मांडायचं. त्यात जंगल, कुरण, शेत, विटांच्या टेकड्या, डोंगर आणि एक वाळवंट. दोन फासे टाकायचे. जो आकडा पडेल तो आकडा असलेल्या तुकड्याला लागून ज्याची वस्ती, त्याला तिथला माल मिळतो: लाकूड, लोकर, गहू, वीट नाहीतर खनिज. नसलेला माल दुसऱ्याकडून घासाघीस करून घ्यायचा, रस्ते-वस्त्या बांधायच्या, वस्तीचं शहर करायचं. सात पडले की चोर हलवायचा. दहा गुण ज्याचे आधी होतील तो जिंकला. एवढं ऐकून कुणाही मराठी माणसाला खेळता येतं, कारण घासाघीस त्याला शिकवावी लागत नाही.

हा खेळ केला क्लाउस टॉयबर या जर्मन गृहस्थाने. १९९५ साली तो बाजारात आला आणि त्याच वर्षी ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातला उत्तम खेळ, हा जर्मनीतला मान त्याला मिळाला. टॉयबर तेव्हा पेशाने दंततंत्रज्ञ होता. दिवसा कृत्रिम दातांचं काम आणि उरलेल्या वेळात घराच्या तळघरात खेळांची जुळवाजुळव. एका तोंडात किती मावतं याचा अंदाज या माणसाला असणारच. त्याच्या डोक्यातला मूळ खेळ खूप मोठा होता म्हणतात. त्यातूनच कटान निघालं, आणि ‘एन्टडेकर’ व ‘ल्योवेनहेर्त्स’ हे दोन स्वतंत्र खेळही. म्हणजे ज्याने खेळ केला त्याने तो कापून आटोपशीर केला. आमचा मेहुणा तो परत शिवून मोठा करतो.

शिवायला कापड टॉयबरनेच पुरवलं, हेही मान्य करायला हवं. १९९७ साली ‘सीफेअरर्स’ आलं, १९९८ साली ‘सिटीज अँड नाइट्स’, आणि पुढे आणखी. मूळ खेळ तीन किंवा चार जणांचा. पाच-सहा जणांना खेळायचं तर त्यासाठी वेगळं खोकं. सहा जणांनी ‘सिटीज अँड नाइट्स’ खेळायचं ठरवलं तर मूळ खोकं, त्याचं पाच-सहाचं खोकं, एक्स्पान्शन आणि एक्स्पान्शनचं पाच-सहाचं खोकं अशी चार खोकी लागतात. टेबल आपलं आपण आणायचं.

आमच्याकडे गेल्या दिवाळीत बळी पडले ते शेजारचे काका. बँकेतून निवृत्त, हिशेबाला पक्के, ब्रिज उत्तम खेळतात. फराळाला आले होते. मेहुण्याने त्यांना बसवलं आणि सरळ ‘सिटीज अँड नाइट्स’ काढलं. त्यात मालाच्या पत्त्यांशिवाय आणखी छत्तीस पत्ते आहेत: कागद, कापड आणि नाणी. शिवाय प्रगतीचे चोपन्न पत्ते, अठरा-अठराच्या तीन गड्ड्यांत. प्रत्येकाचे शिलेदार, शहराच्या तटबंद्या, सुधारणांचे तक्ते, आणि दोन फाशांच्या जोडीला तिसरा. जिंकायला दहाऐवजी तेरा गुण.

‘काका, जंगलातल्या शहराला एक लाकूड आणि एक कागद मिळतो. कुरणाला लोकर आणि कापड, डोंगराला खनिज आणि नाणं. शेतातल्या शहराला मात्र दोन गहू.’

‘शेताला वेगळं काही नाही?’

‘नाही.’

‘का?’

‘ते खेळता खेळता कळेल.’

‘खेळता खेळता कळेल’ हे एक्स्पान्शनवाल्यांचं ब्रीदवाक्य आहे. चोराबद्दल काकांना असं सांगण्यात आलं, की सात पडले की चोर हलतो, पण आत्ता हलत नाही. रानट्यांचा पहिला हल्ला होईपर्यंत तो स्वस्थ बसतो. मात्र हातात सातपेक्षा जास्त पत्ते असले तर अर्धे आत्ताही टाकायचे. तिसऱ्या फाशावर रंगीत दरवाजा आला तर त्या रंगाची सुधारणा किती झालीय ते बघायचं, मग लाल फाशावरचा आकडा बघायचा, मग पत्ता मिळतो की नाही ते ठरतं. काकांनी खिशातून पेन काढलं आणि चिवड्याच्या बशीखालच्या कागदावर टिपणं घ्यायला सुरुवात केली. चहा झाला. दुसरा चहा झाला. पहिला फासा अजून पडायचा होता.

आता हल्ल्याविषयी. तिसऱ्या फाशाच्या सहापैकी तीन बाजूंवर जहाज आहे. जहाज आलं की रानट्यांची बोट एक घर पुढे सरकते, आणि सात घरं झाली की ते बेटावर उतरतात. पटावर जितकी शहरं तितकं त्यांचं बळ. आपल्या सगळ्यांच्या जाग्या शिलेदारांचं एकूण बळ त्याहून कमी भरलं, तर ज्याचा वाटा सगळ्यात कमी त्याच्या शहराची पुन्हा वस्ती होते. या डावात सुरुवातीलाच प्रत्येकाला एक वस्ती आणि एक शहर मिळतं, त्यामुळे काका खूश होते. आल्याआल्या शहर!

चौघांची चार शहरं. रानट्यांचं बळ चार. मेहुण्याचा एक शिलेदार, माझा एक, आमच्या हिचा एक. झाले तीन. काकांचाही शिलेदार पटावर उभा होता. लोकर आणि खनिज मोजून त्यांनी तो रीतसर उभा केला होता. पण शिलेदार नुसता उभा राहून चालत नाही. एक गहू भरून त्याला जागा करावा लागतो. काकांनी गहू नव्या वस्तीसाठी राखून ठेवला होता, आणि कुठलाही शहाणा माणूस तेच करेल. रानटी उतरले, काकांचा वाटा शून्य भरला, आणि त्यांचं शहर गेलं.

‘आमच्याकडे जप्तीच्या आधी नोटीस द्यायची पद्धत होती,’ काका म्हणाले.

मेहुण्याने त्यांना धीर दिला. ‘काळजी करू नका काका. आता तुमच्याकडे शहरच नाही, त्यामुळे रानटी तुमचं काही बिघडवू शकत नाहीत.’ नियमाप्रमाणे हे अगदी बरोबर होतं. तेरापैकी दोन गुण घेऊन काका पुढचा सगळा वेळ संपूर्ण सुरक्षित होते.

या एक्स्पान्शनवाल्या मंडळींशी वाद घालून पाहा. पहिलं उत्तर ठरलेलं: ‘आम्हालाही असंच पोहायला शिकवलं, थेट विहिरीत ढकलून.’ त्या विहिरीत त्यांच्या पाठीला डबा बांधलेला होता आणि काठावर मामा दोर धरून उभा होता, एवढा तपशील ते गाळतात. कटानमध्येही तो डबा आहे. मूळ खोक्याच्या नियमपुस्तिकेत नवख्यांसाठी एक तयार मांडणी छापलेली असते: कुठला तुकडा कुठे, कुठला आकडा कशावर, इतकंच काय, कुणाच्या वस्त्या आणि रस्ते कुठे तेसुद्धा. ते पान यजमान उलटून पुढे जातो.

दुसरं उत्तर मात्र तितकं फालतू नाही. ‘सिटीज अँड नाइट्स’मध्ये मूळ खेळातले पंचवीस विकासपत्ते वापरायचेच नसतात, आणि सर्वांत मोठ्या सैन्याचे दोन गुणही रद्द होतात. मग जे पुढे विसरायचं ते आधी शिकवायचं कशाला? ऐकायला बिनतोड वाटतं. पण हे पत्ते शिकायला पाच मिनिटं लागतात आणि विसरायला तेवढीही लागत नाहीत. शिकायला वेळ लागतो तो वेगळ्याच गोष्टींना. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी सहा वेळा सात, पाच-पाच वेळा सहा आणि आठ, आणि बारा मात्र एकदाच. पहिली वस्ती कुठे टाकावी, वीट कुणाच्या हाती एकवटतेय, गव्हासाठी किती मोजावेत, हे सगळं त्यातून उमजत जातं. एक्स्पान्शनमध्येही खेळ याच गोष्टींवर चालतो. नवख्याचं लक्ष त्यांवर जाऊ नये याची व्यवस्था तिसरा फासा आणि नव्वद जादा पत्ते चोख करतात. काकांनी वस्ती निवडताना बारा आकड्याचा तुकडा घेतला. कुणी अडवलं नाही, कारण त्या वेळी मेहुणा तटबंदी समजावत होता.

गंमत म्हणजे एक्स्पान्शनच्या पुस्तिका स्वतः नवख्याला धरून चालतच नाहीत. मूळ नियम त्यांत पुन्हा छापलेले नसतात. फक्त बदल सांगितलेले असतात. म्हणजे ज्यांनी खेळ विकला त्यांनाही वाचणाऱ्याला मूळ खेळ येतो असंच वाटतं. तो न येणाऱ्याला थेट एक्स्पान्शन वाढणारे खरेदीदार निघतील, हे त्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

तिसरं उत्तर कुणी तोंडाने देत नाही, पण खरं कारण तेच असतं: ‘आम्हाला आता मूळ खेळाचा कंटाळा आलाय.’ यात गैर काही नाही. शंभर वेळा खेळलेल्या माणसाला कंटाळा येणारच. त्याने आपल्या जुन्या गड्यांना बोलवावं, खुशाल चारही खोकी उघडावीत आणि पहाटेपर्यंत रानट्यांशी लढावं. पण यजमानाचा कंटाळा घालवण्याची जबाबदारी चकलीला आलेल्या पाहुण्यावर का?

अगदीच राहवत नसेल तर ‘सीफेअरर्स’ त्यातल्या त्यात निरुपद्रवी आहे. लाकूड आणि लोकर देऊन जहाज घ्यायचं. ते पाण्यावरच्या रस्त्यासारखंच चालतं, आणि सोन्याच्या तुकड्यावरून हवा तो माल मिळतो. हे दोन वाक्यांत सांगता येतं आणि कुणाचं शहर जात नाही. पण नव्या बेटाच्या ओढीने माणसं मूळ बेटावर काय चाललंय ते बघत नाहीत, तेव्हा पहिल्या डावाला तेही नकोच.

तर खोकीवाल्या तमाम मंडळींना माझी विनंती आहे. नवखा माणूस घरी येईल तेव्हा पहिला डाव मूळ खोक्याचा, पुस्तिकेतल्या तयार मांडणीवरचा आणि दहा गुणांचा असू द्या. दुसराही तसाच असू द्या. एक्स्पान्शनची खोकी कपाटात, शक्यतो वरच्या फळीवर ठेवा, आणि ‘त्यात काय आहे हो?’ असं पाहुणा स्वतःहून विचारेपर्यंत त्यांचा विषय काढू नका. नाहीच विचारलं, तर मूळ खेळ पुन्हा मांडा.