पाचवी तक्रार

आम्ही इचलकरंजीचे खर्चीवाले. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. माग, वीजबिल आणि डोकेदुखी तेवढी आमची. मजुरी पिकावर ठरते. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की एक पीक, आणि इंचात पिकं किती त्यावर मीटरचे पैसे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून आम्ही मोजतोच आहोत. त्यामुळे कुठलीही गोष्ट दोनदा घडली की तिचा दर काय, हे आमच्या डोक्यात आपोआप फिरायला लागतं.

रोज सकाळी दहाच्या सुमारास एक बाई मला फोनवर कर्ज देते. आवाज गोड, पण टेप केलेला. हे कळायला मला आठवडा लागला, कारण शेडमध्ये चार माग चालू असतात.

"कोण हाय?"

"कर्जासाठी एक दाबा."

"अवो बाई, जरा मोठ्यानं बोला."

"कर्जासाठी एक दाबा."

आडवा धागा तुटला की माग तरी थांबतो. हिला तुटायला धागाच नाही. बरं, मागे एकदा बँकेत खरंखुरं कर्ज मागायला गेलो होतो, तर तिथल्या साहेबांनी तीन वर्षांचे हिशेब, दोन जामीनदार आणि तिसऱ्या खेपेला 'बघू' एवढंच दिलं. इथं मात्र न मागता पाच लाख, तेही रोज!

हे मी न्यू जर्सीतल्या भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, इकडं असल्या फोनचे पैसे मिळतात."

मी माग बंद केला. एकच नाही, चारही.

भाच्यानं सांगितलं ते असं. अमेरिकेत १९९१ चा एक कायदा आहे. परवानगी न घेता असला टेप केलेला फोन केला, तर एका फोनमागे ५०० डॉलर भरपाई मागता येते. जाणूनबुजून केला असेल तर कोर्ट ती १५०० पर्यंत नेऊ शकतं. मी तिथंच पिकाचा हिशेब मांडला. रोज एक फोन, वर्षाला ३६५, गुणिले ५००. एक लाख ब्याऐंशी हजार पाचशे डॉलर. रुपयांत दीड कोटीच्या घरात! आयुष्यभर धोटा मारून जे जमलं नाही, ते नुसतं "हॅलो" म्हणून जमणार होतं. बायकोनं विचारलं, "सुट्टीचे दिवस वजा केलेत का?" मी म्हटलं, "ती सुट्टी घेत नाही."

"तुला किती मिळाले रं?" मी भाच्याला विचारलं.

"सत्तावीस."

"लाख?"

"डॉलर."

कारण तिकडं एकेकटा माणूस सहसा भांडत बसत नाही. हजारो जणांचा मिळून एकच दावा होतो, कंपनी तडजोड करते, त्यातून आधी वकिलांची फी जाते, मग कारभाराचा खर्च, आणि उरलेलं अर्ज भरणाऱ्यांत वाटलं जातं. थोडक्यात, कापड सगळ्यांनी विणायचं आणि शेवटी एकेकाला रुमाल. त्यातही गंमत म्हणजे पैसे मिळणार असल्याची नोटीस दिसते अगदी फसवणुकीच्या मेलसारखी. भाच्यानं पहिली नोटीस पुसूनच टाकली होती. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१९ मध्ये अशा बऱ्याच तडजोडी तपासल्या, तेव्हा अर्ज भरणाऱ्यांचं मध्यम प्रमाण ९ टक्के निघालं. म्हणजे फोनला वैतागून लोक इतके शहाणे झाले, की वैतागाचे पैसे आले तरी घेईनात.

आपल्याकडे फोनला दर नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनेकांनी मिळून आयोगाकडे जायची सोय आहे, पण 'एका हॅलोला इतके' असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. आपला रस्ता १९०९ चा. त्या नंबरवर नको ते फोन बंद करून घेता येतात, तक्रारही देता येते. तक्रारदाराच्या हातात मात्र दमडी पडत नाही.

मी वही मिटणारच होतो, तेवढ्यात फोन कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या ट्रायचा फेब्रुवारी २०२५ चा नियमबदल वाचला आणि वही पुन्हा उघडली. नोंदणी न केलेल्या नंबरावरून असा फोन आला तर सात दिवसांत तक्रार करायची. दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या माणसांच्या तक्रारी झाल्या, तर त्या फोनवाल्यावर कारवाई. पहिल्या चुकीला त्याचे जाणारे फोन पंधरा दिवस बंद, पुन्हा केली तर वर्षभर सगळंच बंद. पैसे नाहीत, पण पंधरा दिवस शांतता! चार मागांच्या मालकाला तिची किंमत विचारा.

आणि पाच माणसं तर आमच्या गल्लीतच होती. पूर्वी एका दुकानात एकाच दिवशी आम्ही पाच जणांनी सिम घेतली होती, नंबर ओळीनं. त्यामुळे बाईचा फोन धोट्यासारखा गल्लीतून जातो: आधी माझ्याकडे, मग शेजारी, मग कांडीवाला, मग पानपट्टी, मग शेवटचे दिवाणजी. संध्याकाळी कट्ट्यावर मी सगळ्यांना गोळा केलं, नंबर जुळवून पाहिला, तारीख लिहून दिली, तक्रार कशी करायची ते शिकवलं. अमेरिकेत याला वकील लागतात. इथं पाच कटिंग चहा लागले, आणि ते मीच दिले.

दुसऱ्या दिवशी चार तक्रारी गेल्या. दिवाणजींची गेली नव्हती. मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. ते चष्मा पुसत म्हणाले, "मी काय म्हणतो, परवा एक दाबलं होतं हो. व्याजाचा दर काही वाईट नाही."

तेव्हा वाचकहो, आमच्या दहा दिवसांतले अजून दोन शिल्लक आहेत. सकाळी दहाला तुम्हालाही तीच बाई कर्ज देत असेल, तर एक दाबू नका. १९०९ दाबा. आम्हाला पाचवा माणूस हवाय. चहा माझ्याकडे.