‘पहिला महिना मोफत’ देणाऱ्या साहेबांस

प्रति,
मा. प्रमुखसाहेब, वर्गणी विभाग.
(कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्याने त्याने आपल्या बँकेच्या मेसेजात पाहून घ्यावे.)



पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले होते. ‘केबल बंद करा, खर्च वाचवा’ असे आपण आम्हांला फार आपुलकीने सांगितलेत. मिरजेतल्या आमच्यासारख्या घरात केबलवर किती पैसे जातात याची काळजी एवढ्या मोठ्या कंपनीला वाटावी, हे आमचे भाग्य. आपल्या शब्दावर विश्वास ठेवून आम्ही सेट टॉप बॉक्स परत केला. घरखर्चाची वही माझ्या हातात असते, म्हणून हे पत्रही मीच लिहिते आहे.

आपण अगदी योग्य वेळी आलात, याबद्दल पहिले धन्यवाद. २०१९ च्या फेब्रुवारीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, नवी दरपद्धत घरोघरी लागू झाली. आधी १३० रुपये नेटवर्क शुल्क, म्हणजे जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि मग निवडलेल्या वाहिन्यांचे वेगळे. निवडाल तेवढेच पैसे द्या, असे सांगितले गेले, पण पुष्कळ घरांचे बिल उतरण्याऐवजी चढले. लोक चिडले होते. त्या रागाचे सोने करायचे आपल्याला बरोबर सुचले.

पण त्या बिलात एक गोष्ट होती, ती आता जास्त जाणवते. प्रत्येक वाहिनीचा भाव जाहीर होता. एखादी वाहिनी सुटी मागितली, तर ती सुटी देणे बंधनकारक होते. दरावर कोणाची तरी नजर होती. आपल्या दरांना ट्रायचा असला कोणताही नियम नाही. म्हणून आपण आज एक भाव सांगता, वर्षभराने दुसरा, आणि दोन्ही वेळा ‘आमच्या प्रिय ग्राहकांसाठी’ असेच लिहिता. हे प्रेम आम्हांला परवडत नाही, साहेब.

वहीतला हिशेब सरळ मांडते. केबलचे महिना साडेतीनशेच्या आसपास जात. फायबरचा ३९९ चा प्लॅन जीएसटीसकट ४७० रुपये ८२ पैशांना पडतो. पण इंटरनेट मुलीच्या अभ्यासाला लागते, ह्यांच्या कामाला लागते. ती रक्कम मी आपल्या खात्यावर टाकत नाही, कोणावर अन्याय करायचा नाही. आपल्या खात्यावर टाकते ती फक्त ॲपांची वर्गणी.

आणि इथे आपल्या सगळ्या बिरादरीचे आभार मानायला हवेत. केबलवर मराठी वाहिन्या एकाच रांगेत असत, एक नंबर पुढे नाहीतर एक मागे. आता स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. सासूबाईंची संध्याकाळची मालिका एका ॲपवर, रात्री सगळ्यांनी मिळून बघायची ती दुसऱ्यावर, आणि ह्यांचा सिनेमा तिसऱ्यावर. एका घराची एक संध्याकाळ तुम्ही वाटून घेतलीत आणि प्रत्येकाने आपापल्या वाटणीची वेगळी पावती फाडली. सगळ्या वर्गण्यांची बेरीज करून पाहा. ज्या बिलाला कंटाळून केबल काढली, त्याच्याशी ती कधीच बरोबरी करून बसली आहे.

क्रिकेटबद्दल तर आपल्या व्यवसायबंधूंचे किती उपकार मानावेत! २०२३ आणि २०२४ ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट होती. गल्लीतली सगळी मुले मोबाइलवर सामने बघायला शिकली. सवय पुरती लागली, आणि २०२५ मध्ये तेच सामने जिओहॉटस्टारच्या वर्गणीदारांसाठी झाले. ॲमेझॉन प्राइमची वर्षाची वर्गणी २०१६ मध्ये ४९९ होती, २०२१ च्या डिसेंबरपासून १,४९९ झाली. नेटफ्लिक्सने २०२३ च्या जुलैत घराबाहेरच्या माणसाला पासवर्ड देणे भारतात बंद केले. म्हणजे पुण्यात शिकायला गेलेला मुलगा कंपनीच्या लेखी घराबाहेरचा झाला. त्याच्या आईला विचारा, तो घराबाहेरचा आहे का.

जाहिरातींचेही आभार. केबल सोडायला सांगताना आपले सर्वांत मोठे आमिष तेच होते: मध्ये जाहिरात नाही. १७ जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर भारतात जाहिराती सुरू झाल्या, आणि त्या नको असतील तर महिना १२९ रुपये वेगळे द्यायचे. आपणही त्याच वाटेने निघाला आहात, तसे कळवणारे आपले ईमेल आले आहे. आधी जाहिरात नसण्याचे पैसे घेतले, मग जाहिरात आणली, आणि आता ती काढण्याचे पैसे मागता. केबलवाल्याने असे केले असते तर गल्लीत त्याला उभे केले नसते.

त्या केबलवाल्याविषयी दोन शब्द आपल्या कानावर घालते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते दादा दारात यायचे, शर्टाच्या खिशात पावतीपुस्तक, कानावर पेन. ‘वहिनी, केबलचे.’ पैसे नसले तर ‘दहा तारखेनंतर या’ म्हणायची सोय होती. मे महिन्यात गावी गेलो तर आधी सांगून ठेवले की त्या महिन्याचे घेत नसत. चित्र अडकले की फोन करायचा, ते शिडी घेऊन यायचे. कधी उशीर व्हायचा, कधी बोलाचाली व्हायची, पण भांडायला माणूस समोर होता.

केबल वितरकांच्या संघटनेच्याच अहवालानुसार देशात पैसे भरून टीव्ही बघणारी घरे २०१८ मध्ये सुमारे १५ कोटी होती, ती २०२४ पर्यंत ११ कोटींवर आली. या मधल्या चार कोटी घरांच्या दारात जाणारी माणसे कुठे गेली, हा प्रश्न आपल्या अहवालात येत नसेल. आमचे दादा सध्या फायबरची जोडणी करून देतात. आपला कार्यक्रम आमच्या घरात पोचतो तो त्यांनी खांबावरून ओढलेल्या वायरीतून. त्यांच्या पोटावर पाय देऊन पुन्हा त्यांच्याच खांद्यावरून घरात आलात, याबद्दल आपले अभिनंदन करावे तेवढे थोडे.

आता सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर. डोळ्यांचे ऑपरेशन झालेले. केबलच्या रिमोटच्या पाठीला त्यांनी चिकटपट्टी लावली होती आणि तिच्यावर निळ्या पेनने पाच-सहा नंबर लिहिले होते. नंबर दाबला की वाहिनी लागायची. सातच्या सह्याद्रीच्या बातम्या त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. त्यासाठी कोणाला हाक मारावी लागत नव्हती.

आपण त्यांच्यासाठी केवढी सोय केलीत! टीव्ही लावला की आधी ‘कोण पाहत आहे’ असे इंग्रजीत विचारले जाते. मग गोल गोल चेहरे. मग आपल्याला जे खपवायचे आहे त्याची झलक, आपोआप, मोठ्या आवाजात. मालिका शोधायची तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची पाटी येते, आणि बाणाचे बटण दाबत दाबत एकेका अक्षरावर जायचे. एक घर पुढे गेले की मागे या. मराठी कार्यक्रम विकता, मराठी माणसाकडून पैसे घेता, आणि त्याचे नाव मराठीत लिहायची पाटी देत नाही. सासूबाई आता रिमोट हातात घेत नाहीत. ‘तुम्हांला वेळ असेल तेव्हा लावून द्या’ म्हणतात. घरातल्या एका स्वाभिमानी बाईला टीव्ही लावण्यासाठी परावलंबी केलेत, याचे बिल कोणाच्या नावाने पाठवू?

एवढे झाल्यावर मी आपली वर्गणी बंद करायचे ठरवले, आणि तिथे आपल्या कारागिरीचे खरे दर्शन घडले. वर्गणीदार होण्याचे बटण केवढे ठसठशीत, टीव्हीवरसुद्धा एका दाबात काम होते. बंद करायचे मात्र टीव्हीवरून होतच नाही. त्यासाठी फोनवर किंवा संगणकावर जायचे. तिथे खाते, खात्यात प्लॅन, प्लॅनमध्ये ‘व्यवस्थापन’. त्यावर दाबले की आपण काय काय गमावणार याची यादी. तिच्याखाली भरीव रंगाचे बटण ‘राहायचे आहे’, आणि त्याहून खाली, करड्या बारीक अक्षरांत, बटण वाटू नये अशा बेताने, ‘तरीही पुढे जा’. पुढे गेले की कारण सांगा. कारण सांगितले की सवलत घ्या. सवलत नको म्हटले की ‘मला बचत करायची नाही’ अशा वाक्यावर माझ्याकडून खूण करून घेतलीत. साहेब, बचत करायची आहे म्हणूनच मी तिथवर आले होते.

आपल्या या कौशल्याची दखल केंद्र सरकारनेही घेतली आहे, हे आपल्याला ठाऊक असेलच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या अशा रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत. वर्गणीचा सापळा त्यांत आहे: बंद करण्याची सोय लपवणे, ती किचकट करणे, फुकट वर्गणीसाठी आधीच खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी घेणे. नको म्हणणाऱ्याला ओशाळे वाटेल अशी वाक्ये लिहिणे, हाही त्यांत वेगळा प्रकार आहे. यादी वाचताना आपला फोटो समोर ठेवून कोणी लिहिली असावी असे वाटले.

रिझर्व्ह बँकेचाही नियम आहे. आपोआप पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास ग्राहकाला कळवायचे आणि त्याला नको म्हणायची संधी द्यायची. मेसेज येतो, खोटे बोलणार नाही. तो इंग्रजीत येतो, कर्जाच्या आणि सेलच्या मेसेजांच्या गर्दीत येतो. आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या खात्यातून अशी वर्गणी किती तरी महिने जात होती. फोन नातवाने लावून दिला होता, पहिला महिना मोफत त्यानेच घेतला होता, आणि तो परत बंगळूरला गेला. मास्तरांना वाटायचे, बँकच काहीतरी कापते. त्यांच्या पेन्शनीतून आपण ज्याचे पैसे घेतलेत ते त्यांनी कधी पाहिलेले नाही. एकही भाग नाही. हे आपल्या संगणकाला दिसत असणार. कोणी काय पाहिले आणि कुठे थांबवले हे आपल्याला सेकंदासकट कळते, मग महिनोन्‌महिने कोणीच काही पाहिले नाही, हे कळत नाही काय?

इथे माझा धन्यवादांचा साठा संपला. पुढचे साधेच सांगते.

बँकेच्या ॲपमधून आपली परवानगी मी रद्द केली आहे. तिथे ती एका ठिकाणी, नावानिशी दिसते, मास्तरांचीही तिथूनच काढली. गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री बसवली. छत्रीचा आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचे काही नाही. दादांनीच बसवून दिली. सह्याद्री लागते, आणखी काही मराठी वाहिन्याही लागतात, आणि रिमोटच्या पाठीवर नवी चिकटपट्टी लागली आहे. प्रसार भारतीचे वेव्हज ॲप, जे २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झाले, तेही फोनमध्ये घेतले आहे. बाकी ॲपांपैकी एका वेळी एकच घेऊ, तेही एका महिन्याचे, आपोआप पुढे न जाणारे. मालिका संपली की बंद. बचत अशानेच होते आहे.

आपल्याकडून तीनच गोष्टी हव्या आहेत. जो भाव सांगून दारात आलात तो वर्षभर तरी टिकवा. जितक्या बटणांत आत घेता तितक्याच बटणांत बाहेर सोडा. आणि तीन महिने ज्या खात्यावर काही पाहिले गेले नाही, त्याचे पैसे कापणे थांबवून त्या माणसाला त्याच्या भाषेत विचारा. यातल्या एकाही गोष्टीला नवे तंत्रज्ञान लागत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक माजी वर्गणीदार, मिरज

ता. क.: मास्तरांच्या वतीने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. त्यांचे पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत जमा करावेत. पुढच्या वर्गणीत वळते करून घेण्याची सवलत नको.